दीड मीटर दैव

वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत मी सर्वेअर होतो. दरवर्षी मृग लागायच्या आधी एक काम ठरलेलं असायचं. खाणीत उतरणाऱ्या इन्क्लाइनच्या तोंडाजवळच्या खांबावर लाल ऑइलपेंटनं रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं, एचएफएल. तिथं आलेल्या सर्वांत मोठ्या पुराची ही पातळी. 1957 च्या कोळसा खाण विनियमांनुसार खाणीचं तोंड या पातळीच्या निदान दीड मीटर वर हवं असे. नदी-तलावाच्या बरोबर खाली किंवा काठापासून 15 मीटरच्या आत परवानगीशिवाय कोळसा काढायचा नाही, हेही त्यातच होतं.

उन्हाळ्यातलं दुसरं काम भेगा बुजवण्याचं. खाली कोळशाचे पिलर काढले की छत बसतं आणि वरच्या शेतात जमीन फाटते. वीतभर रुंदीची भेग, आत खडा टाकला तर आवाज वर येत नाही. काळी माती भरून चोपायची आणि वर उंचवटा ठेवायचा, कारण पहिल्याच पावसात ती पुन्हा बसते. ज्याचं शेत असायचं तो बांधावर बसून बघत राहायचा. आमचे पंप रात्रंदिवस पाणी उपसत, त्याची विहीर मात्र चैतातच तळ दाखवी. तो काही बोलायचा नाही, आणि मला ते बोलण्यापेक्षा जड जायचं.

रेघेच्या भानगडीत मला पहिल्यांदा अडवलं ते नाल्याकाठच्या एका म्हातारीनं. माझी नोकरी तेव्हा नवीन होती. मी उंची मोजायची डंपी लेव्हल लावून उभा, ती शेण्या थापत होती. म्हणाली, "सायब, तुमची रेघ खाली हाय. माह्या सासऱ्याच्या वक्ती पाणी मारोतीच्या पायाले लागलं होतं." मी हसलो. रजिस्टरात आकडा होता, आकड्याखाली सही होती. म्हातारीच्या सासऱ्याची सही कुठं होती? मी लेव्हल गुंडाळली आणि जीपमध्ये बसलो.

बऱ्याच वर्षांनी एका श्रावणात नदी फुगली. वर्धा चढली की आमचा नाला उलटा वाहतो. त्याला लोक दाब म्हणतात. पाणी रेघेला लागलं तसा चौकीदारानं फोन केला आणि मायनिंग सरदारांनी माणसं वर काढली. बत्तीघरात दिवे मोजले, सगळे आले. मी तोंडाशी उभा होतो. रेघ बुडाली. मग कायद्याचा दीड मीटर भरत गेला. पहाटे पाणी थांबलं तेव्हा उंबरठ्याच्या खाली दोन वीत उरल्या होत्या.

सकाळी खाणीवरच्या देवळीतल्या कालीमातेपुढं नारळ फुटले. मीही फोडला. सगळे म्हणत होते, देवानं वाचवलं. मी मान डोलावली, पण खोबरं घशाखाली उतरेना.

1995 च्या सप्टेंबरात धनबादकडे गझलीटांडला कतरी नदीचं पाणी खाणीत शिरलं आणि 64 कामगार गेले. त्याआधी 27 डिसेंबर 1975 ला चासनाल्यात 375. तिथं पाणी आलं ते जुन्या, सोडून दिलेल्या कामांत साठलेलं. या दोन्ही ठिकाणीही कुणीतरी 'दैव' म्हटलंच असणार. वाचलो तर देवाची कृपा, बुडालो तर दैवाचा कोप, आणि मधे सही करणारा माणूस दोन्ही वेळा मोकळा. आपल्याकडे हा शब्द असा फार सोयीचा आहे.

माझी आई एकादशीला गीता वाचायची. अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव. मी निवृत्तीनंतर ते नीट वाचलं आणि त्या पाचात माझी खाण बसवून पाहिली. जमीन हे अधिष्ठान. कर्ता मी. लेव्हल आणि स्टाफची मोजकाठी ही साधनं. मोजणं ही हालचाल. दैवाच्या खान्यात मी पाऊस टाकून मोकळा होणार होतो. पण शंकराचार्यांचं भाष्य वेगळं निघालं. ते दैव म्हणजे सूर्य वगैरे देवता, ज्या डोळा वगैरे इंद्रियांना साहाय्य करतात, असं सांगतात. म्हणजे डोळ्याला दिसावं म्हणून बाहेरून मिळणारा उजेड.

हे वाचून मी पुस्तक मिटलं. त्या हिशेबानं माझं दैव नाल्याकाठी शेण्या थापत बसलं होतं. मला हाक मारत होतं, आणि तेही आपण होऊन. पूर आला ते दैव मानलं तर माझी सही सुटते. म्हातारी बोलली ते दैव मानलं तर मी सुटत नाही. पंडितांना हा अर्थ ओढूनताणून लावलेला वाटेल. मला मात्र यातून पळायला वाट सापडलेली नाही, म्हणून तोच बरोबर असावा असं वाटतं.

पूर ओसरल्यावर मी लेव्हल घेऊन मारुतीच्या पाराकडे गेलो होतो. म्हातारी जाऊन दोन वर्षं झाली होती. मूर्तीच्या पायांवर शेंदराचे इतके थर होते, की दगड कुठं सुरू होतो ते बोटानं चाचपून बघावं लागलं. स्टाफ धरला, रीडिंग घेतलं. मारुतीचे पाय आमच्या रेघेपेक्षा एक मीटर वीस सेंटिमीटर वर निघाले. कायद्यानं दिलेल्या दीड मीटरमधले तीसच उरत होते.

त्या वर्षी खाणीच्या तोंडाभोवती बांध घातला आणि खांबावरची रेघ वर गेली. रजिस्टरात नवी पातळी मी माझ्या हातानं लिहिली. आधार या रकान्यात लिहिलं: 'गावातील वृद्ध स्त्री, तोंडी.' वरच्या साहेबांनी त्याखाली लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं. ते अजून तसंच आहे.