डावावरून उठणे

शिक्षकाच्या टेबलाला एक खण असतो. मुलांच्या हातून काढून घेतलेल्या वस्तू त्यात जमा होतात. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या खणात काय काय येऊन गेले! गोट्या आल्या, भोवरे आले, क्रिकेटपटूंची चित्रे छापलेले पत्ते आले. या साऱ्या वस्तूंचा एक गुण होता. खणात पडल्या की त्या गप्प पडून राहत. शनिवारी शाळा सुटताना त्यांचा मालक मान खाली घालून येई आणि आपली वस्तू घेऊन जाई. तोपर्यंत कोणत्याही भोवऱ्याने त्याला किंवा मला हाक मारल्याचे आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, त्या खणात नववीतल्या एका मुलाचा मोबाईल पडला. मागच्या बाकावर, मांडीवर धरून, आवाज बंद करून तो खेळत होता. मी मोबाईल काढून घेतला आणि मधल्या सुटीत वह्या तपासत बसलो, तो खण घुमू लागला. उघडून पाहिले. त्याचे साथी त्याची वाट पाहत असल्याची सूचना पडद्यावर आली होती. थोड्या वेळाने पुन्हा खण घुमला. आजचे बक्षीस घ्यायचे राहिले आहे, अशी आठवण होती. शाळा सुटेपर्यंत त्या खणाने अशा सातआठ हाका मारल्या. भोवरा आणि हा खेळ यांत काही तरी मुळातलाच फरक आहे, असे त्या दिवशी मला प्रथम वाटले. तो फरक कोणता, हे उमगायला मात्र पुढे बरेच दिवस लागले. आणि माझ्या हातून घडलेली एक चूकही लागली.

व्हिडिओ गेम खेळणे हिताचे की अहिताचे, हा प्रश्न पालकसभेत हल्ली हमखास निघतो. प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नको असते. शिक्षकाने मुलाला चार शब्द सुनवावेत, एवढेच हवे असते. त्या मुलाची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली तीही याच अपेक्षेने. "सर, तीन-तीन हाका मारल्या तरी जेवायला उठत नाही. भाकरी निवून जाते," ती म्हणाली. मुलगा जमिनीकडे पाहत पुटपुटला, "तो मधेच थांबवता येत नाही, आई." मला हसू आले. गृहपाठ न केल्याची शेकडो निमित्ते मी ऐकली आहेत, त्यांत ही एक नवी भर, असे मला वाटले.

परंतु त्याचे म्हणणे खरे होते. आई गेल्यावर मी त्याला म्हटले, "काय आहे ते मला दाखव." तो आधी घाबरला, मग हळूहळू खुलला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. शस्त्रे शोधावी लागतात. सुरक्षित जागेचे वर्तुळ हळूहळू आकसत जाते, आणि शेवटी जो किंवा जो चमू उरेल तो जिंकतो. सारा डाव साधारण अर्ध्या तासाचा. चमू चौघांचा. याच्या चमूतले एकही पोर आमच्या गावचे नव्हते. त्यांच्याशी तो हिंदीत बोलत होता, आणि ज्याला मी वर्गात कधी सबंध वाक्य बोलताना ऐकले नव्हते तो भराभर सूचना देत होता: तू डावीकडून ये, तू थांब, औषध त्याला दे. डाव जिंकायची वेळ आली असता एक साथी जखमी होऊन पडला. त्याला उठवायला हा उघड्यावर धावला आणि स्वतः मारला गेला. मी विचारले, "पुढे गेला असतास तर जिंकला असतास ना?" त्याने माझ्याकडे नवलाने पाहिले. "सर, तो पडला होता. त्याला सोडून कसा जाणार?"

नीतिपाठाच्या तासाला मी इतकी वर्षे जे सांगत आलो ते या मुलाने एका वाक्यात सांगितले; आणि तेही अशा खेळात, ज्याला आपण सरसकट मारामारीचा खेळ म्हणतो.

त्या रात्री मी मनाशी खेळांच्या बाजूने निकाल देऊन टाकला. मी कादंबरीकार आहे. या खटल्यातला आरोपी मला ओळखीचा वाटला. माझी आजी कादंबरी तांदळाच्या डब्यात लपवून ठेवी. कादंबऱ्यांनी बायका आणि पोरे बिघडतात, असे आजोबांचे ठाम मत होते. हे मत केवळ आमच्या घरचेही नव्हे. १७७४ साली गटेची वेर्थरवरची कादंबरी प्रसिद्ध झाली. ती वाचून तरुण आत्महत्या करतात, असा बोभाटा झाला आणि पुढच्याच वर्षी लाइपझिग शहराने तिच्या विक्रीवर बंदी घातली. नवी करमणूक आली की आधीची पिढी तिच्यावर जे आरोप करते, त्यांची यादी फारशी बदलत नाही. शिवाय खेळांच्या बाजूने पुरावाही आहे. वेगवान खेळ खेळणाऱ्यांची नजर एकाच वेळी अधिक गोष्टी टिपते, असे दाखवणारा अभ्यास २००३ साली 'नेचर'मध्ये आला होता. २०२३ साली हांगझो येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळांना पदकेही होती. मग माझ्या वर्गातल्या मुलाने एखादी भाकरी निवू दिली, तर त्याचे एवढे काय?

असा निकाल देऊन मी निर्धास्त झालो असतो. पण मी स्वतःही खेळत होतो.

माझा खेळ अगदी निरुपद्रवी होता. रंगीत गोळ्या जुळवायच्या. तीन एका रंगाच्या आल्या की फुटतात. ना बंदूक, ना रक्त. कादंबरीचे प्रकरण अडले की डोके मोकळे करायला म्हणून मी तो सुरू केला. हळूहळू प्रकरणे अधिक वेळा अडू लागली. या खेळात पाच जीव मिळतात. हरलो की एक जीव जातो आणि तो परत मिळायला अर्धा तास थांबावे लागते. प्रथम मला ही मोठी सभ्य व्यवस्था वाटली. खेळच सांगतो आहे की बाबा, आता पुरे. पुढे ध्यानात आले की तो अर्धा तास मी विसाव्यात काढत नसून वाट पाहण्यात काढतो आहे. पायऱ्या हजारो, आणि नव्या येतच असतात. शेवटची पायरी म्हणून नाहीच.

एका रात्री असाच अंथरुणावर बसून खेळत होतो. शेजारच्या खोलीतून वडिलांनी हाक मारली. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू.

"पाणी देतोस का रे थोडं?"

"देतो नाना. एवढा डाव होऊ द्या."

"बरं," ते म्हणाले.

तो डाव झाला. मग दुसरा झाला. मध्येच भिंतीवरून हात फिरल्याचा आवाज आला, मग माठाच्या झाकणाचा. मी धावत गेलो तेव्हा ते अंधारात पाणी पिऊन भिंत चाचपत परत येत होते. पडले नाहीत, काही लागले नाही. बोलले तर काहीच नाहीत. मी हात धरायला पुढे झालो, तेव्हा एवढेच म्हणाले, "झाला का डाव?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरेच वाटले होते की काही महत्त्वाचे चालले असावे.

त्या रात्री मला झोप आली नाही. त्या मुलाचे आणि माझे वाक्य एकच होते. फरक होता तो माझ्या बाजूने अधिक लाजिरवाणा. त्याचा डाव मधेच थांबवता येत नव्हता. तिघे त्याच्यावर विसंबून होते. माझा डाव कोणत्याही क्षणी खाली ठेवता आला असता. गोळ्या माझ्यासाठी थांबल्या असत्या. तरीही उठलो नाही तो मीच.

तेव्हा खेळाचे हित-अहित खेळाच्या विषयावरून ठरत नाही, असे मला वाटू लागले. बंदुकीच्या खेळात मुलगा साथीदारासाठी मरत होता, आणि गोळ्यांच्या खेळात मी बापाला पाण्यावाचून बसवत होतो.

मग कशावरून ठरते? आमच्या लहानपणी पकडापकडी खेळताना एक मंत्र होता: 'टाइमप्लीज'. चपलेचा अंगठा तुटला, पायात काटा गेला, आईने हाक मारली, की हा शब्द उच्चारावा. मग ज्याच्यावर राज्य असेल तोही तुम्हाला शिवू शकत नसे. या शब्दाची किंमत तेव्हा कळली नाही. खेळात शिरणे आपल्या हाती आणि बाहेर पडणेही आपल्या हाती, असा करारच त्या एका शब्दात होता. योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली मानवाच्या खेळकरपणावर 'होमो लुडेन्स' नावाचा ग्रंथ लिहिला. खेळ ही सर्वप्रथम स्वेच्छेची कृती आहे, हुकमावरून खेळला तर तो खेळ राहत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. मी त्याला एवढीच पुस्ती जोडीन, की ज्यातून स्वेच्छेने उठता येत नाही तोही खेळ राहत नाही.

महाभारतातल्या द्यूताची गोष्ट आपण सांगतो तेव्हा शकुनीच्या फाशांवर थांबतो. पण पहिल्या द्यूतात गेलेले सारे धृतराष्ट्राने परत दिले होते. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले होते. तिथून बोलावणे आले, आणि धर्मराज परत फिरला. बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास त्या दुसऱ्या डावाने दिला. पहिल्या डावात फसला तो भोळा म्हणता येईल. दुसऱ्या डावाला परत आला त्याला काय म्हणावे? शहाणपण कमी पडले म्हणून तो आला नाही. सभेतल्या कोणाहूनही त्याला धर्म अधिक कळत होता. कळणे आणि उठणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

वैद्यकानेही बोट ठेवले आहे ते इथेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आणि २०२२ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश आहे. त्यात तास मोजलेले नाहीत. खेळण्यावरचा ताबा सुटला आहे काय, इतर कामांपेक्षा खेळ वरचढ झाला आहे काय, नुकसान दिसत असूनही तो चालूच आहे काय, हे त्यात पाहिले आहे; आणि तेही साधारणपणे वर्षभर टिकलेले असावे, असे म्हटले आहे. कोणता खेळ, हा प्रश्न त्यात नाहीच.

पण सारा दोष खेळणाऱ्याच्या माथी मारणेही न्यायाचे होणार नाही. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. ठरावीक चोची मारल्या की दाणा मिळतो अशा कबुतरापेक्षा, कोणत्या चोचीला दाणा मिळेल याचा नेम नसलेले कबूतर अधिक चिकाटीने चोच मारत राहते, असे त्याला आढळले. आज मोबाईलवरचे कितीतरी खेळ हे ज्ञान हाताशी घेऊन रचलेले असतात. पूर्वी नाणे टाकून खेळायची यंत्रे होती. नाणी संपली की पोर घरी जाई. फुकट मिळणाऱ्या खेळात नाणे संपतच नाही. तिथे आपला वेळच खर्ची पडतो, आणि आपण उठू नये यातच मांडणाऱ्याचा नफा असतो. माझ्या खणातला भोवरा गप्प होता, कारण तो फिरला काय नि न फिरला काय, त्यावर कोणाची कमाई अवलंबून नव्हती. मोबाईल हाका मारत होता, कारण त्याच्या गप्प राहण्याने कोणाचे तरी नुकसान होत होते.

मग कायद्याने उठवावे काय? चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणासुदीच्या सुट्या एवढ्याच दिवशी, तेही रात्री आठ ते नऊ, ऑनलाइन खेळायची मुभा ठेवली. आपल्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. पैशाचे फासे बंद व्हावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण घड्याळाने उठवलेला मुलगा उठायला शिकतो का, याची मला शंका आहे. मी खण वापरला तोही एक कायदाच होता, आणि वीस वर्षांत त्या खणाने एकाही मुलाला डाव खाली ठेवायला शिकवले नाही. लपवायला मात्र शिकवले.

त्या मुलाला मी मोबाईल परत दिला. त्याच्या आईला म्हटले, "बाई, 'बंद कर' म्हणू नका. 'डाव कधी संपतो' ते विचारा, आणि मग भाकरी टाका." त्याला म्हटले, "बसण्याआधी किती डाव ते मोठ्याने सांग. आईला ऐकू जाईल असं." त्याने दोन सांगितले. कधी दोनावर उठतो, कधी तिसरा होतो, असे त्याची आई सांगते. मी याला यश म्हणत नाही. पण आता उठतो तेव्हा तो स्वतः उठतो. आणि न उठण्याची लाजही त्याची स्वतःची असते. माझ्या खणाची नसते.

माझा गोळ्यांचा खेळ मी काढून टाकला. त्यात मोठेपणा काही नाही. ज्याला दोनावर उठता येत नाही त्याने बसू नये, इतकाच हिशेब.

नाना आता रात्री पाणी मागत नाहीत. त्या रात्रीनंतर उशाशी तांब्या भरून ठेवायची त्यांनी सवय लावून घेतली. आता तो मी भरतो. दिवा मालवल्यावरही बराच वेळ मी जागा असतो. त्यांनी पुन्हा एकदा हाक मारावी, असे फार वाटते.