वेदनेचे चित्र मुलाने काढावे काय?



आपल्या पूर्वजांनी भोगलेला छळ शाळेतल्या लहान मुलाला सांगावा काय, आणि सांगायचाच तर तो कोणत्या रीतीने? अमेरिकेतील काळ्या लोकांनी या प्रश्नावर शंभर वर्षे विचार केला आहे. आपल्यालाही हा प्रश्न परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली काळ्या समाजाचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य दाखविले होते, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नावच तिकडच्या चळवळीवरून घेतले. तेव्हा त्यांच्या शाळेत काय चालते हे आपण पाहिले, तर त्यात नवल नाही.

डॉ. कार्टर वुडसन हे गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचे पुत्र. तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम केले, पुढे १९१२ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली. शाळेच्या पुस्तकात काळ्या माणसाला एक तर जागाच नाही, किंवा असली तर ती गुलाम म्हणून, हे पाहून त्यांनी १९२६ साली फेब्रुवारीत ‘निग्रो हिस्टरी वीक’ सुरू केला. १९७६ पासून त्या आठवड्याचा महिना झाला. या महिन्यात तिकडच्या वर्गांतून इतिहास, चित्रकला आणि कविता हे तीन विषय एकत्र आणून मुलांकडून काम करवून घेतात. या कामासाठी अनेक शिक्षक जेकब लॉरेन्स यांची चित्रे निवडतात.

लॉरेन्स यांनी १९४० आणि १९४१ साली साठ चित्रांची एक मालिका काढली. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस. पहिल्या महायुद्धापासून लक्षावधी काळी माणसे दक्षिणेतली कापसाची शेते सोडून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाली, त्या स्थलांतराची ही कथा. युद्धामुळे युरोपातून येणारे मजूर थांबले होते, कारखान्यांना हात हवे होते. इकडे कापसाला कीड लागली होती, आणि गोऱ्यांचा जुलूम तर रोजचाच. प्रत्येक चित्र बारा इंच गुणिले अठरा इंच, आणि प्रत्येकाखाली साध्या शब्दांत एकदोन वाक्ये. पहिल्या चित्रात स्टेशनवरची दाटी आहे, तीन फाटकांवर शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुईस अशी नावे. निम्मी चित्रे आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत, निम्मी वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहालयात. २०१५ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने दहा कवींकडून या चित्रांवर नव्या कविता लिहवून घेतल्या. वर्गात शिक्षक तेच करतात. चित्र दाखवितात, काय दिसते ते आधी तोंडाने सांगायला लावतात, मग इतिहास वाचतात, आणि शेवटी मुलाच्या हाती कागद येतो.

आता खरा प्रश्न येथे आहे. कागदावर मुलाने काय काढावे?

काही शाळांत शिक्षकांनी मुलांकडून गुलामांच्या लिलावाचे नाटक करवून घेतले. काळ्या मुलांना विकाऊ माल केले, इतरांनी बोली लावली. पालक संतापले, आणि त्यांचा संताप रास्त होता. ज्या पोराला मैदानावर आधीच कोणी हिणवीत असेल, त्याला वर्गात शिक्षकाच्या आज्ञेने पुन्हा विकणे याला इतिहास म्हणत नाहीत. शिक्षकाचा हेतू चांगला होता असे म्हटले जाते. असेल. पण त्या मुलाला हेतू दिसत नाही, त्याला बोली ऐकू येते.

याउलट लॉरेन्स यांचे पंधरावे चित्र पाहा. विषय आहे जमावाने झाडाला लटकावून केलेल्या हत्यांचा. चित्रात प्रेत नाही. उघडी फांदी, तिच्यावर रिकामा फास, आणि खाली खडकावर पाठ वाकवून बसलेले एक माणूस. मारणाऱ्यांनी अशा प्रेतांचे फोटो काढून त्यांची पोस्टकार्डे विकली होती. लॉरेन्स यांनी मेलेल्याचा देह पुन्हा चव्हाट्यावर मांडला नाही. मागे राहिलेल्याचे दुःख मांडले. दहा वर्षांच्या मुलालाही हे कळते. रिकाम्या फासाकडे पाहून ते आपणहून विचारते, ‘बसलेले माणूस कोण?’ या प्रश्नातून कविता निघते.

कवितेत ‘मी’ कोणी म्हणावे, हाही प्रश्न आहे. फिलिस व्हीटली ही सात-आठ वर्षांची पोर १७६१ साली आफ्रिकेतून बोस्टनला आणून विकली गेली. ज्या जहाजातून आणली त्याचे नाव फिलिस, तेच तिला चिकटविले. आईबापांनी ठेवलेले नाव कोणत्याही कागदावर नाही. १७७३ साली तिच्या कवितांचे पुस्तक लंडनमध्ये छापले गेले. आता मुलाला सांगितले की ‘तू फिलिस आहेस, लिही’, तर ते काय लिहील? साखळदंड, अश्रू, अंधार. म्हणजे ऐकीव शब्द. मला वाटते, मुलाने तिला ‘तू’ म्हणावे. तुझे खरे नाव काय होते, इतक्या थंडीत तुला पहिल्यांदा कोणी पांघरूण दिले, असे विचारावे. विचारण्यात लबाडी नसते, आणि गोऱ्या मुलालाही असे विचारता येते. खोटा पश्चात्ताप त्याच्यावर लादावा लागत नाही.

हे गोऱ्या मुलाचे सांगतो, कारण तिकडे वादळ त्यावरूनच उठले आहे. २०२१ पासून काही राज्यांनी वर्णभेदाविषयी वर्गात काय शिकवावे यावर कायद्याने बंधने घातली. कारण असे देतात की कोणत्याही मुलाला आपल्या वर्णामुळे अपराधी वाटू नये. २०२३ साली फ्लोरिडातील एका शाळेत एका पालकाच्या तक्रारीवरून अमांडा गोरमन या काळ्या कवयित्रीची कविता लहान मुलांच्या कपाटातून काढून मोठ्यांच्या कपाटात ठेवली गेली. मुलाला अपराधी वाटू नये ही इच्छा वाईट नाही. पण त्यासाठी शेजारच्या बाकावरल्या मुलाचे आजोबा पुसून टाकावे लागत असतील, तर हा कसला न्याय?

आपल्यातही काही घरांत म्हणतात, जुने नाव सोडले, जुनी गोष्ट कशाला उगाळायची? मुलाच्या मनाला घरे पडतील. भीती खरी आहे. पण आपण सांगितले नाही म्हणून मुलाला कळायचे राहत नाही. ते कोणाच्या तरी तोंडून, शिवीच्या रूपाने कळते. त्याआधी आईच्या तोंडून कळलेले बरे.

मात्र नुसती जखमच दाखविली तर तीही अर्धीच गोष्ट. लॉरेन्स यांच्या चोविसाव्या चित्रात मुले शेतावर राबत आहेत, त्यांना शाळा नाही. अठ्ठावन्नाव्यात तीन मुली फळ्याकडे हात उंचावून आकडे लिहीत आहेत. ही दोन्ही चित्रे एकाच भिंतीवर लागली पाहिजेत. आणि एक ध्यानात ठेवा. ही मालिका काढली तोवर लॉरेन्स यांनी दक्षिण पाहिलेली नव्हती. हार्लेमच्या १३५व्या रस्त्यावरच्या ग्रंथालयात बसून ते वाचीत होते, आईच्या आणि शेजाऱ्यांच्या तोंडचे ऐकत होते. वाचन आणि ऐकणे आधी, रंग मागाहून. घरी आजी असेल तर मुलाला आधी तिच्यापाशी बसवावे, पेटी नंतर उघडावी.

आणि एखादे मूल म्हणाले, ‘मला हे काढायचे नाही’, तर त्याला कोरा कागद द्यायची मोकळीक असावी. त्यावर गुण कापू नयेत.