अर्ध्या टक्क्याचा चित्रगुप्त

पैसे घेऊन लावलेल्या झाडाचं पुण्य लागतं का, हे कॅनडात मला कुणी विचारलं नाही. विचारलं वाईच्या मामांनी. ते नारदीय कीर्तन करतात, आणि मत्स्यपुराणात एक झाड दहा पुत्रांच्या तोलाचं मानलंय. त्या हिशेबाने भाचीच्या खात्यावर किती जमा झालं, हे त्यांना पूर्वरंगात सांगायचं होतं. "बाळ, आकडा तेवढा कळव," म्हणाले. आकडा माझ्याकडे आहे, कारण पगार त्याच्यावरच होत असे. पण तो कळवताना हात अडखळला.

ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर भागात, फोर्ट सेंट जेम्सच्याही वर, लाकडाच्या ट्रकांनी खड्डे पाडलेल्या कच्च्या रस्त्याने आत गेलं की झाडं लावणाऱ्यांचा कँप लागतो. जेवणाचा मोठा तंबू, ओले कपडे वाळवायचा दुसरा, अंघोळीचा ट्रेलर, खणलेले संडास, आणि झाडांच्या कडेने प्रत्येकाचा आपापला छोटा तंबू. मे महिन्यात सकाळी तंबूवर बर्फ असतं, जूनमध्ये काळ्या माश्या कानामागून रक्त काढतात. बहुतेक जण विद्यार्थी. सप्टेंबरची फी जमवायला आलेले. कंबरेला पिशव्यांचा पट्टा, त्यात तीन-चारशे रोपं, हातात आखूड दांड्याचं फावडं. फावडं मारायचं, माती सारून फट करायची, दुसऱ्या हाताने रोप आत सोडायचं, दाबायचं, अडीच-पावणेतीन मीटर पुढे जायचं. सपाट जमिनीवर झाडाला १५ सेंटच्या आसपास भाव. सरावलेला माणूस दिवसात दोन हजारांवर जातो. संध्याकाळी बोटं आखडून अशी होतात की चमचा धरवत नाही.

हे जंगल नव्हे, पीक आहे, हे आधी सांगायला हवं. तोडलेल्या जागी पुन्हा झाडं उभी करण्याची जबाबदारी १९८७ पासून कायद्याने तोडणाऱ्या कंपनीवर आहे. तिचे पैसे आमच्या खिशात येतात. मी लावलेला पाइन माझ्या पश्चात करवतीखाली जाईल, त्यासाठीच तो लावलाय. मध्ये आपोआप उगवलेले अ‍ॅस्पेन त्याचा उजेड खातात म्हणून त्यांच्यावर तणनाशक फवारल्याचंही मी पाहिलंय. बनंच्या बनं वाळलेली. आणि जमीन डाकेल्ह या मूळनिवासी लोकांची. बहुतेक ठिकाणी ती त्यांनी कुणाला करार करून दिलेलीच नाही. दहा पुत्रांचा हिशेब मांडताना अ‍ॅस्पेन कुठल्या रकान्यात धरायचे, हे मामांना विचारायचं राहिलंय.

तरीही मामांचा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही. मी आता झाडं लावत नाही, लावलेली तपासते. माझ्याकडे ३.९९ मीटरची दोरी असते. मध्ये खुंटी रोवायची, दोरी फिरवायची. बरोबर ५० चौरस मीटरचं वर्तुळ होतं. त्यातली झाडं मोजायची, ओढून बघायची, एखाददुसरं खणून मूळ बघायचं. साधारण हेक्टरी एक वर्तुळ, म्हणजे जमिनीचा अर्धा टक्का. उरलेली साडेनव्याण्णव टक्के कुणी खणून बघत नाही. चित्रगुप्ताची वही मी लहानपणापासून ऐकत आले. तिच्यातून काही सुटत नाही म्हणतात. इथली वही ही अशी.

लावणाऱ्यांना हे माहीत असतं. कुणी रोपांची अख्खी जुडी ओंडक्याखाली पुरतो आणि लावल्याचा आकडा सांगतो. सापडला तर त्याच दिवशी घरी, पण सापडायला हवा. त्याहून बारीक लबाडी मुळाची. फट उथळ पडली, खाली दगड लागला, तर रोप दाबून बसवलं की वरून सरळ दिसतं आणि आत मूळ वळून वर येतं. असं झाड लगेच मरत नाही. काही वर्षं हिरवं राहतं, मग खुरटतं किंवा वाऱ्याने कलंडतं. तोवर लावणाऱ्याची डिग्री होऊन, लग्न होऊन, तो टोरंटोत घर बघत असतो. फावडं काढून हातभर बाजूला दुसरी फट करायला चार-पाच सेकंद लागतात, आणि त्या सेकंदांचे पैसे मिळत नाहीत.

कँपवर योग, गीता वाचलेली पोरं भेटतात. त्यांच्या मते हे निष्काम कर्म, कारण फळ बघायला आपण नसणार. मला हे पटत नाही. फळ आम्ही रोज संध्याकाळी मागतो, सेंटमध्ये, आणि एक जुडी कमी मोजली तर भांडतो. ऐंशी वर्षांनंतरच्या फळावर हक्क सोडला यात त्याग कसला? तो आपल्याला मिळणारच नव्हता. जे हाती येणार नाही ते सोडणं ही काही साधना नव्हे.

हेतू शुद्ध असला की कर्म शुद्ध, असंही म्हणवत नाही. पृथ्वी वाचवायला आलेल्यांची वळलेली मुळं मी खणली आहेत, आणि केवळ ट्रकचे हप्ते फेडायला आलेल्या एका अबोल बाईची सरळ. इथे शेजारीच पाइन बीटलने मारलेली राखाडी जंगलं आहेत. त्या किड्याने या प्रांतात १ कोटी ८० लाख हेक्टरांना झळ लावली. थंडी पुरेशी पडेना, किडा हिवाळ्यात मरेना. त्यापुढे माझ्या मनातला भाव केवढा? रोपाला तो कळत नाही. त्याला मूळ सरळ आहे की नाही एवढंच लागतं.

म्हणून माझा निकाल असा. पैसे घेतल्याने पुण्य बुडत नाही आणि झाड लावल्याने ते लागत नाही. आकड्याचे पैसे मिळाले, तो व्यवहार मिटला. धर्माला जागा उरते ती त्या चार-पाच सेकंदांत: कुणी बघणार नाही, पैसे मिळणार नाहीत, चूक कधी नावावर येणार नाही, तरी फावडं काढून दुसरी फट केली का? याचा आकडा कुणाकडे नाही, माझ्याकडेही नाही. मामांना तसं कळवलं. ते म्हणाले, कीर्तनात हे बसणार नाही. खरं आहे, टाळ्या आकड्यालाच पडतात. २०१९ च्या पावसाळ्यासाठी महाराष्ट्र सरकारने ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट जाहीर केलं, तेव्हाही सगळ्यांच्या तोंडी आकडाच होता.

सुट्टीत गावी आले की मी रस्त्याकडेची वाळलेली रोपं उपटून बघते, सवयच ती. कितीतरी मुळांभोवती नर्सरीची काळी पिशवी तशीच असते. तेव्हा यंदा जून-जुलैत कुणी रोप लावणार असाल, तर फोटोआधी पिशवी पूर्ण फाडून काढा. तळाशी मुळं गोल फिरलेली दिसली तर तेवढी छाटा, आणि खड्डा मुळाहून खोल घ्या.