मार्थेचा स्वयंपाक



ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानातील एक गोष्ट आज चिंतनाला घेतली आहे. कोणी म्हणेल, "बुवा, आपल्या पुराणांत कथा काय कमी पडल्या?" कमी पडल्या नाहीत. पण चांगली गोष्ट शेजारच्या घरची आहे म्हणून टाकून द्यावी, असे आपल्या संतांनी कधी शिकवले नाही. शिवाय ख्रिस्तकथा मराठी कानाला नवीन नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने गोव्यात राहून मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली छापले गेले. अलीकडच्या काळात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले आणि तुकोबारायांचे ऋण उघडपणे मानले. तेव्हा संकोच नको.

गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. मार्था आणि मरीया अशा दोघी बहिणी. जेरुसलेमजवळच्या बेथानी गावी त्यांचे घर. एके दिवशी प्रभु येशू त्यांच्याकडे आले. पाहुणा दारी आला की घरात काय उडते, हे आपल्याला सांगायला नको. मार्था कामाला लागली. पाणी, चूल, भांडी, वाढप! मरीया मात्र पाहुण्याच्या पायाशी बसली आणि ऐकत राहिली. थोडा वेळ मार्थेने सोसले. मग ती कावली. बहिणीला न बोलता ती थेट पाहुण्यापाशी गेली आणि गाऱ्हाणे घातले, की हिला जरा कामाला लावा. येशूंनी तिला मायेने दोनदा नावाने हाक मारली. तिच्या जिवाची चाललेली ओढाताण तिला दाखवली. आणि मरीयेने जे धरले होते ते तिच्या हातून सोडवायला मात्र नकार दिला.

एवढीच गोष्ट. पण ख्रिस्ती विचारवंत तिच्यावर कित्येक शतके बोलत आले आहेत. कारण प्रश्न मोठा आहे. माणसाने कामाच्या धबडग्यातून थांबावे का? थांबावे तर कोणाच्या जिवावर? आणि न थांबता श्रद्धा टिकते का?

पहिली शंका आमच्या माउल्या घेतील, आणि ती खरी आहे. त्या म्हणतील, "बुवा, मरीया बसली, बरे झाले. पण मार्थाही बसली असती तर पाहुणे जेवले असते काय?" अहो, सप्ताहात मंडपात कीर्तन रंगते तेव्हा मागे पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्यांच्या कानावर टाळाचा आवाज तेवढा येतो, शब्द येत नाहीत. आपण पुढे डोलतो ते त्यांच्या जिवावर. मग त्यांनाच "तुम्ही फार गडबड करता" असे सांगणे कितपत न्यायाचे?

समाधान असे. येशूंनी मार्थेला चूल विझवायला सांगितलेले नाही. दोष दिला तो तिच्या तगमगीला. याला पुरावाही आहे. योहानाच्या शुभवर्तमानात ही मार्था पुन्हा दोनदा भेटते. भाऊ लाजर वारला तेव्हा मरीया घरीच बसून राहिली. वेशीबाहेर जाऊन येशूंना सामोरी गेली ती मार्था, आणि त्या दुःखात आपला विश्वास तिने स्वच्छ शब्दांत बोलून दाखवला. पुढे वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधी बेथानीत पुन्हा जेवण झाले. तिथेही वाढत होती मार्थाच! पण या वेळी तिचे गाऱ्हाणे नाही. काम तेच, हात तेच. आतली तक्रार तेवढी गेली. ती कशी गेली हे ग्रंथ सांगत नाही. पण पहिल्या दिवशी ती जे ऐकायला बसली नव्हती ते पुढे तिने ऐकले असावे, असे मला वाटते.

तरी माउल्यांच्या शंकेतला अर्धा भाग उरतोच. घरातल्या एकाने विसावा घ्यायचा आणि दुसऱ्याने राबायचे, हे कसे? त्याचे उत्तर ख्रिस्ती धर्माने ज्यू धर्मशास्त्राकडून घेतलेल्या आज्ञेत आहे. सहा दिवस काम करावे, सातव्या दिवशी थांबावे. त्या दिवसाला शब्बाथ म्हणतात. ज्यूंचा शब्बाथ शनिवारी असतो. ख्रिस्ती लोकांनी रविवार मानला, आणि इसवी सन ३२१ मध्ये रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहाने रविवारच्या सुटीचा हुकूमच काढला. पण मूळ आज्ञा नीट वाचली पाहिजे. थांबायचे ते घरधन्याने एकट्याने नव्हे. मुलगा, मुलगी, गडी, मोलकरीण, गुरेढोरे आणि वेशीच्या आतला परका माणूस, या सगळ्यांनी. बैलालासुद्धा त्या दिवशी जुवाखाली आणायचे नाही! बैलपोळा पाळणाऱ्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. पुढे तर असेही आहे, की सातव्या वर्षी जमीनही पेरू नये, तिला विसावा द्यावा. दुसऱ्याच्या पाठीवर बसून घेतलेला विसावा या शास्त्राला मान्यच नाही.

आणि कारण काय दिले आहे? ही आज्ञा दोन ठिकाणी येते आणि दोन कारणे येतात. एके ठिकाणी म्हटले आहे, की देवाने सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. दुसरे कारण मला फार खोल वाटते. तुम्ही मिसर देशात गुलाम होता, देवाने तुम्हांला सोडवले, याची आठवण राहावी म्हणून थांबा. बघा, गुलामाला आपल्या मनाने थांबता येत नाही. थांबता येणे ही सुटलेल्या माणसाची खूण. आज आपल्यावर कोणी धनी चाबूक घेऊन उभा नाही. पण खिशातला मोबाईल वाजला की ताटावरचा घास तसाच राहतो. हरिपाठ चालू असताना हात खिशाकडे जातो. मग आपण सुटलेले की बांधलेले, ज्याने त्याने मनाशी विचारावे.

दुसरी शंका शहाण्या लोकांची. ते म्हणतात, "वेगळे थांबायचे कशाला? कर्म हीच पूजा. सावतोबांनी मळा सोडला का? त्यांना भाजीच्या वाफ्यातच पांडुरंग दिसला." ही शंका ख्रिस्ती लोकांतही आहे. जर्मनीत माइस्टर एकहार्ट नावाचा मोठा अध्यात्मवेत्ता सुमारे १२६० ते १३२८ या काळात होऊन गेला. त्याने एका प्रवचनात सगळ्यांच्या उलट सांगितले. तो म्हणतो, मार्थाच अधिक पिकलेली. कारण काम करीत असताना देवापाशी राहणे तिला साधले होते. मरीया अजून शिकत होती.

झाले! कामसू लोकांना हे मत फार आवडते. पण एकहार्ट पुढे जे सांगतो ते ते सोडून देतात. मरीया पायाशी बसली ती शिकण्यासाठी, आणि शिकून झाल्यावर तीही सेवेला लागली, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे बसणे चुकवून कोणी मार्था होत नाही. आपल्या परिभाषेत सांगायचे तर ही सिद्धाची अवस्था आहे, आणि सिद्धाची अवस्था साधकाने उसनी घेऊन मिरवू नये. सावतोबांचे नाव घेणे सोपे आहे. सावतोबांसारखे वाफ्यात नाम चालते का, हा प्रश्न आहे. आमच्या वाफ्यात नाम नसते, बाजारभाव असतो.

याचे उदाहरण फ्रान्समध्ये घडले. निकोलस हर्मन नावाचा एक गरीब माणूस आधी सैन्यात होता. पुढे तो पॅरिसच्या कार्मेलाईट मठात सेवेकरी म्हणून राहिला. मठात त्याचे नाव ब्रदर लॉरेन्स. काम काय? स्वयंपाकघरात भांडी आणि रांधणे. त्याला या कामाची मुळीच आवड नव्हती. पुढे वहाणा दुरुस्त करण्याचे काम आले. १६९१ साली तो वारला, आणि त्याची पत्रे व संभाषणे मागाहून एका धर्मगुरूने छापली. ती आजही वाचली जातात. प्रार्थनेची वेळ आणि स्वयंपाकाच्या गडबडीची वेळ यांत त्याला पुढे पुढे भेद उरला नाही. पण सज्जनहो, 'पुढे पुढे' हे शब्द विसरू नका. सुरुवातीला मन सारखे पळे, तो ते पुन्हा पुन्हा परत आणी, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. कित्येक वर्षे आतली तळमळ सोसली, तेव्हा हे साधले. आणि राहत होता कुठे, तर जिथे दिवसाच्या ठरल्या वेळी सगळ्यांनी कामे ठेवून प्रार्थनेला जायचे, अशा मठात. पतंजलींनी मनाला आवरायला अभ्यास आणि वैराग्य हे दोनच उपाय सांगितले. अभ्यासाला वेळ लागतो, आणि वेळ काढल्याशिवाय मिळत नाही.

तिसरी शंका सर्वांत अवघड. लोक म्हणतील, "दारात दुःखी माणूस उभा आहे आणि आम्ही डोळे मिटून बसायचे? हा स्वार्थ नव्हे काय?" यावर येशूंचे स्वतःचे आचरण पाहावे. मार्कच्या शुभवर्तमानात दोन प्रसंग आहेत. कफर्णहूम गावी एका संध्याकाळी अख्खा गाव रोग्यांना घेऊन दारात लोटला. त्यांनी पुष्कळांना बरे केले. दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी ते उठले आणि एकांतात प्रार्थनेला गेले. शिष्य शोधत आले, की सारे लोक तुमची वाट पाहताहेत. पण ते मागे फिरले नाहीत. पुढच्या गावांना निघाले. मागणी मोठी आहे, म्हणून हातचे सोडून धावलेच पाहिजे, असे त्यांनी मानले नाही.

दुसरा प्रसंग याच्या उलट. माणसांची एवढी वर्दळ, की जेवायला फुरसत नाही. येशूंनी शिष्यांना विसाव्यासाठी एकांतात नेले. होडीतून गेले. पण लोक किनाऱ्याने धावत आधीच तिथे हजर! आपण असतो तर चिडलो असतो. त्यांना दया आली. त्यांनी उपदेश केला आणि हजारो माणसांना जेवू घातले. मग विसावा बुडाला का? नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी शिष्यांना होडीने पुढे पाठवले, लोकांना निरोप दिला आणि एकटेच डोंगरावर प्रार्थनेला गेले.

यातच सारे आले. दयेसाठी विसावा पुढे ढकलता येतो, बुडवता येत नाही. आणि हे आपल्याला पुंडलिकरायांनी शिकवलेलेच आहे. आई-बापांची सेवा चालू होती, दारात साक्षात परब्रह्म आले. सेवा टाकून ते धावले नाहीत, आणि देवाला "उद्या या" असेही म्हणाले नाहीत. मागे न वळता त्यांनी वीट भिरकावली. म्हणजे काय केले? देवासाठी जागा राखून ठेवली. आपल्या दिवसात देवाला उभे राहायला विटेएवढी तरी जागा आहे काय? वेळ नाही असे आपण म्हणतो. बहुधा वेळ असतो, वीट नसते.

वीट कशी टाकायची, तेही सांगतो. कॅथलिक ख्रिस्ती लोकांत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी चर्चची घंटा होते आणि हातातले काम थांबवून थोडकी प्रार्थना म्हणतात. मिये नावाच्या फ्रेंच चित्रकाराने त्यावर चित्र काढले आहे. ते १८५९ च्या सुमारास पुरे झाले, आज पॅरिसच्या संग्रहालयात आहे. बटाट्याच्या रानात एक शेतकरी आणि एक बाई उभी आहेत. दिवस मावळतो आहे. खणायचे हत्यार जमिनीत रोवलेले, टोपली पायाशी, ढकलगाडीवर पोती. दोघांच्या माना खाली. दूर क्षितिजावर चर्चचे शिखर. लहानपणी शेतात घंटा ऐकू आली की आजी सगळ्यांना काम थांबवायला लावी, या आठवणीवरून हे चित्र सुचले, असे मिये सांगत असे. ना रान सोडले, ना घरदार. हत्यार तेवढे हातातून खाली ठेवले.

आपल्याकडे एकादशी आहे, सांजवात आहे, हरिपाठ आहे. साधनांची वाण नाही. वाण आहे ती खाली ठेवण्याची. वारीतसुद्धा आता एका हातात टाळ आणि दुसऱ्या हातात मोबाईल दिसतो. माउलींच्या पालखीचे दर्शन होण्याआधी तिचे चित्र घेतले जाते, आणि चित्र घेता घेता पालखी पुढे निघून जाते. घरी येऊन पाहू म्हणतात. कधी पाहणार?

म्हणून विनंती एवढीच. दिवसातली एक वेळ ठरवा, दोन घटका नको, अर्धी घटका चालेल. त्या वेळी मोबाईल बंद, हातातले काम खाली. आणि घरातली मार्था स्वयंपाकघरात राहता कामा नये. पोरांनी पाने घ्यावीत, पुरुषांनी भांडी विसळावीत, पण तिलाही बसू द्यावे. एखाद्या दिवशी दारात गरजू माणूस आला तर खुशाल उठा, त्याचे काम करा. मात्र झोपण्यापूर्वी राहिलेली अर्धी घटका पुरी करा. पहिले काही दिवस मन पळेल. ब्रदर लॉरेन्सचेही पळत होते. त्याला ओढून आणावे, रागावू नये.

विस्तार पुरे. रामकृष्ण हरी.