शोमरोनची वाट आणि मोखाड्याचा घाट

आजचं वाचन: योहान 4:1-42. जमलं तर सोबत लूक 9:51-56 सुद्धा वाचा, पुढे लागणार आहे.



शिवाजी महाराजांची गोष्ट निघाली की आपल्याकडे कोणीतरी हमखास विचारतं, "पण गेले कुठून?" पन्हाळ्याहून विशाळगडाला कुठल्या खिंडीतून, आग्र्याहून परत कुठल्या वाटेनं. जव्हारजवळ शिरपामाळ म्हणून जागा आहे. 1664 च्या सुरत मोहिमेच्या वेळी महाराज तिथे थांबले आणि जव्हारच्या राजानं त्यांचं स्वागत केलं, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. वाट हाही गोष्टीचाच भाग असतो, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. शुभवर्तमान उघडलं की मात्र आपण गावांची नावं अशी मागे टाकतो, जशा ॲपच्या अटी न वाचताच 'मान्य' दाबून टाकतो. यहूदीया, शोमरोन, सूखार, गालील... चला पुढे, विहिरीवरची बाई कुठे आहे?

आज जरा थांबू या. चौथ्या वचनात योहान सांगतो की यहूदीयातून गालीलाला परतताना येशूला शोमरोनातून जाणं भाग पडलं. भाग पडलं म्हणजे काय? दुसरा रस्ताच नव्हता का?

होता. यरुशलेमहून गालीलाला जायला डोंगराच्या धारेवरून शोमरोनमधून जाणारी वाट जवळची. दुसरी वाट आधी यरीहोला उतरायची आणि यार्देन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेला जायची. ती लांबची, खूप खोल आणि उन्हाळ्यात भाजून काढणारी. आपण अनेक प्रवचनांत ऐकलंय की यहुदी माणूस शोमरोनात पाऊलच टाकत नसे. हे जरा ताणलेलं आहे. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की सणाला यरुशलेमला जाणाऱ्या गालीलकरांचा रिवाज शोमरोनातूनच जाण्याचा होता, आणि ज्यांना लवकर पोचायचंय त्यांना त्या वाटेनं तीन दिवस लागत. पण तोच योसेफस पुढे हेही सांगतो की इ.स. 50 च्या सुमारास याच वाटेवर एका शोमरोनी गावाजवळ गालीली यात्रेकरूंवर हल्ला झाला, माणूस मेला आणि प्रकरण रोमी सम्राटापर्यंत गेलं. वाट चालू होती आणि धोक्याचीही होती, दोन्ही एकदम.

माझ्या धंद्यातल्या लोकांना हे पटकन कळेल. नकाशाचं ॲप मार्ग शोधतं तेव्हा प्रत्येक रस्त्याला एक वजन देतं. आपल्या फोनमध्ये ते वजन मिनिटांत असतं. येशूच्या काळात त्या वजनात मिनिटांबरोबर आणखी एक गोष्ट मोजली जायची: वाटेवर राहतं कोण.

योहानानं वापरलेला ग्रीक शब्द आहे 'एदेइ'. हाच शब्द, वर्तमानकाळी रूपात, तो आदल्या अध्यायातही वापरतो: निकदेमाला नव्यानं जन्मणं आवश्यक आहे तिथे, आणि मनुष्याच्या पुत्राला उंच केलं जाणं आवश्यक आहे तिथे. म्हणून बरेच भाष्यकार म्हणतात की ही रस्त्याची नाही, पित्याच्या इच्छेची निकड आहे. मला दोन्ही एकत्र खरं वाटतं. पित्याची इच्छा आकाशातून चालत नाही, ती घाटातून चालते, पाय दुखवते. सहाव्या वचनात तो प्रवासानं थकून बसलाय. दुपारची वेळ आहे.

आणि योहानाला जमिनीची पक्की माहिती आहे. याच अध्यायाच्या शेवटी कफर्णहूमचा अंमलदार कानाला येऊन येशूला 'खाली' चला म्हणून विनवतो. काना डोंगराळ भागात, कफर्णहूम समुद्रसपाटीपेक्षा दोनशे मीटर खाली, तळ्याकाठी. त्याचे नोकर त्याला वाटेत भेटतात आणि ताप 'काल' उतरला म्हणतात, कारण ती एका दमात, एका दुपारी संपणारी वाट नाही. त्यामुळे योहान दिशा सांगतो तेव्हा मी कान टवकारतो.

आता लूक 9 उघडा. तोच प्रांत, पण दिशा उलटी. या वेळी येशू गालीलाकडून यरुशलेमकडे निघालाय. शिष्य पुढे जाऊन शोमरोन्यांच्या एका गावात उतरायची सोय बघतात आणि गाव दार लावून घेतं. लूक कारणही देतो: त्याचं तोंड यरुशलेमकडे होतं. योहान 4 मध्ये तो यरुशलेमच्या बाजूनं आला तेव्हा सूखारच्या लोकांनी आग्रहानं दोन दिवस ठेवून घेतलं. माणूस तोच, तोंड कुठे आहे एवढाच फरक.

यामागे जुनी जखम होती. शोमरोन्यांचं मंदिर गरिज्जीम डोंगरावर होतं. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस यानं ते पाडलं. याकोबाची विहीर त्याच डोंगराच्या पायथ्याशी आहे, आजच्या नाब्लुस शहरात, एका ऑर्थोडॉक्स चर्चच्या तळघरात. ती स्त्री विसाव्या वचनात 'या डोंगरावर' म्हणते ना, तिथे तिनं बोट वर केलेलं असणार. डोंगर समोरच होता आणि माथ्यावरचं मंदिर पाडून शंभरावर वर्षं झाली होती. यात्रेकरू यरुशलेमकडे निघाला की त्याचं प्रत्येक पाऊल तिला सांगायचं, तुझा देव जिथे आहे असं तू म्हणतेस, तिथे तो नाही. आपण ज्या दिशेनं चालतो ती बघणाऱ्याला बोलून दाखवते, आपण तोंड उघडो वा न उघडो.

हे मी भाष्यग्रंथांत वाचलं होतं. पटलं ते जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर.

आमच्या तरुणांच्या गटाचं मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर काही वर्षं जाणं-येणं आहे. शनिवारी पोरांना गणित आणि थोडं कॉम्प्युटर शिकवतो. मुंबईहून मनोर, विक्रमगड करत वर चढायचं. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, तिथून पुढे मोखाडा, आणि तसंच पुढे गेलं की त्र्यंबकेश्वर. दुसरी वाट कसाऱ्याहून खोडाळ्यामार्गे. या दोन्ही तालुक्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त लोक आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. पावसाळ्यात हा रस्ता आपल्यासारख्यांच्या गाड्यांनी भरलेला असतो, दाभोसा धबधबा बघायला. आपण वर जातो तेव्हा पाहुणे असतो. पाड्यावर कोणाच्या ओट्यावर टेकलो तरी काळा चहा येतो, नको म्हटलं तरी येतो.

दिवाळीनंतर याच रस्त्यावरून लोक खाली येतात. भात झोडून झालं की बिऱ्हाडं उचलून वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, भिवंडी, वसई, ठाण्याकडे. पोरं, भांडी, कोंबड्यासुद्धा टेम्पोत. होळीला परत वर, कारण होळी घरीच करायची असते. सकाळी आपल्या स्टेशनबाहेरच्या नाक्यावर कामाची वाट बघत जी माणसं उभी असतात, त्यांत मोखाड्याची किती असतील? आपण बाइक वळवताना हॉर्न देतो, बाजूला व्हायला. तोच घाट, दिशा उलटी. लूकमधल्या त्या गावानं येशूला जसं ओळखलं, तोंड कुठे आहे त्यावरून, तसंच आपण ओळखतो. वर भेटलेला दादा यजमान असतो, खाली भेटलेला तोच दादा 'लेबर'. याकोब आणि योहानानं त्या गावावर आकाशातून अग्नी मागितला, आणि येशू त्यांच्यावरच रागावला. आपण अग्नी वगैरे मागत नाही. काच वर करतो.

या घाटातून आणखी एक जण खाली उतरतं: पाणी. वैतरणा नदीवर, मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे, 102 मीटर उंच, 2014 मध्ये मुंबईच्या सेवेत आलेलं. मुंबईला रोज 45.5 कोटी लिटर पाणी देण्यासाठी ते बांधलं. या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण खाली काळा बेसाल्ट खडक आणि वर तीव्र उतार, त्यामुळे पाणी मुरत नाही, धावत सुटतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरी तळाला जातात आणि टँकर सुरू होतात. हे कोणावर ठपका ठेवायला सांगत नाहीये, मी स्वतः तेच नळाचं पाणी पितो. सांगतोय ते एवढ्यासाठी की योहान 4 वाचताना आपण नकळत येशूच्या बाजूला जाऊन बसतो, विहिरीच्या काठावर, आणि त्या स्त्रीकडे बघतो. पण येशूनं पाणी मागितलं. मोखाड्याचं पाणी आपण पितो ते न मागता. बहुतेकांना तर ते कुठून येतं हेही माहीत नसतं.

मागच्या मार्चमध्ये आम्ही पाड्यावरच्या बायकांबरोबर विहिरीपर्यंत उतरलो. जाताना उतार, हंडे रिकामे. येताना चढ, हंडे भरलेले. शहरात बसून आपण 'एक किलोमीटर' म्हणतो त्यात ही गोष्ट येत नाही. विहिरीवर राहाट नव्हता, रस्सीही बांधलेली नव्हती. जिची तिची रस्सी, जिची तिची बादली, घरून आणायची आणि परत न्यायची. मी विचारलं, "मावशी, तहानलेला वाटसरू आला आणि त्याच्याकडे बादली नसली तर?" मावशी म्हणाली, "मग मागंल की आमच्याकडं." आणि हसली, हा काय प्रश्न झाला का, असं.

अकरावं वचन बघा. स्त्री येशूला म्हणते की तुझ्याकडे काढायला काही नाही आणि विहीर तर खोल आहे. याकोबाची विहीर आजही 40 मीटरच्या आसपास खोल सांगतात. इतकी वर्षं मला हे वचन गोष्टीतला भराव वाटायचं. ज्याच्याकडे रस्सी नाही तो विहिरीच्या काठावर बसूनही तहानलेलाच राहतो, कोणी काढून देईपर्यंत. सगळ्या जगाचा प्रभू त्या दुपारी एका परक्या बाईच्या रस्सीवर अवलंबून होता. आपल्या पाठीवरच्या बॅगेत बिसलेरीची बाटली असते म्हणून आपल्याला कोणाकडे मागावं लागत नाही. सोय आहे, मान्य. पण त्या बाटलीमुळे एक संभाषण सुरूच होत नाही.

दुपारच्या वेळेचंही तसंच. प्रवचनात नेहमी सांगतात की ती बदनाम होती म्हणून लोकांना चुकवून भर उन्हात आली. मजकुरात असं कुठेही नाही. पाच नवरे म्हणजे पाच वेळा विधवा किंवा टाकलेलीही असू शकते, त्या काळी सोडचिठ्ठी द्यायचा अधिकार मुख्यतः पुरुषाचाच. आणि दुपारी पाण्याला का आली, हा प्रश्न नळवाल्यांना पडतो. त्या मावशीची पहिली खेप पहाटे असते, दुसरी सकाळी आणि पाहुणे आले की आणखी एक. त्या दिवशी पाहुणे आम्ही होतो.

आता अठ्ठाविसावं वचन. ती स्त्री घागर तिथेच टाकून गावात गेली. मी हे वाचलं आणि त्या चढावर मध्येच थांबलेल्या बायका आठवल्या, डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, वर कळशी. रस्त्यात काही झालं तरी त्या हंडा सोडत नाहीत. अर्धी सकाळ त्यात असते. घागर टाकून जाणं म्हणजे ती खेप वाया घालवणं, घरी पाण्याविना पोचणं. तिला असं काय सापडलं होतं की ती खेप तिला परवडली? आणि ती गेली कुठल्या दिशेला? ज्या गावातून आली त्याच गावाकडे, त्याच लोकांकडे. थोड्या वेळानं अख्खं गाव उलट दिशेनं विहिरीकडे चालत येतं, आणि येशू शिष्यांना म्हणतो, डोळे वर करून शेतं बघा. शिष्यही त्याच गावात जाऊन आले होते, जेवण विकत घ्यायला. ते जेवण घेऊन परतले. माणूस एकही आणला नाही.

या रविवारी मिस्साला जाताना नाक्यावरून जाल. थांबता आलं तर विचारा, "दादा, गाव कुठलं?" मोखाडा म्हणाला तर पुढचा प्रश्न आपोआप सुचेल, पाणी आहे का या वर्षी.

प्रभू येशू, दुपारच्या उन्हात थकून तू विहिरीवर बसलास. उद्या पहाटे मोखाड्यात रस्सी-बादली घेऊन उतरणाऱ्या बहिणींच्या बरोबर चाल. भट्टीवरच्या पोरांना सांभाळ, होळीला त्यांना घरी ने. आणि आमच्याकडे पाणी मागत कोणी आलं, तर ते तू आहेस हे आम्हाला ओळखू दे. आमेन.