धृपद कोण धरणार?

वारकऱ्याने घरात लाख-दोन लाखांचा अ‍ॅम्प्लिफायर ठेवावा का? मुलगा चांगल्या नोकरीला लागतो. आईवडिलांना अभंग ऐकायची आवड आहे हे त्याला ठाऊक असते. एके दिवशी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ती जड पेटी येते, दोन बाजूंना दोन स्पीकर उभे राहतात, आणि गळ्यातल्या तुळशीमाळेकडे हात नेत वडील मनाशी विचारतात, हे श्रवण की हा भोग?

यंत्राचे आपल्याला वावडे नाही. १९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने ‘संत तुकाराम’ हा बोलपट काढला आणि विष्णुपंत पागनिसांच्या मुखातले अभंग पडद्यामागच्या भोंग्यातून हजारो लोकांनी ऐकले. १९५३ साली आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. पंडित भीमसेन जोशींची अभंगवाणी तर कॅसेटवरून घराघरांत पोचली. आज कीर्तनकारांपुढेही माइक असतो. शिवाय आपला पंथ संसार टाकायला सांगत नाही. एकनाथ महाराज गृहस्थच होते. तेव्हा दोष पेटीचा नाही. ती पेटी काय करते आणि काय करू शकत नाही, हे मात्र समजून घेतले पाहिजे.

इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे एकाच पेटीत दोन कामे. कुठून ऐकायचे ते निवडणे आणि आवाज कमी-जास्त करणे हे पहिले; आलेला क्षीण सिग्नल स्पीकर हलवण्याइतका बळकट करणे हे दुसरे. पुण्याच्या केडन्स कंपनीनेही व्हॉल्व्हचे असे अ‍ॅम्प्लिफायर घडवले आहेत. या कारागिरांचा आदर्श एकच: आले तेच मोठे होऊन बाहेर जावे, पेटीने पदरचे काही घालू नये. आवाजाचे बटणही पाहा. आपण म्हणतो, आवाज वाढवला. पण बहुतेक पेट्यांत पुढची वाढ ठरलेलीच असते. बटण फक्त येणारा सिग्नल किती अडवायचा ते ठरवते. उजवीकडे फिरवले की अडवणूक कमी होते, एवढेच. घरात साध्या आवाजात ऐकताना बहुधा एखाद-दुसरा वॅट पुरतो; उरलेली शंभर वॅटची ताकद मृदंगावर अचानक थाप पडते त्या क्षणासाठी राखून ठेवलेली असते. ताकद असून गप्प राहणे या पेटीला जमते.

मालकाला ते जमतेच असे नाही. पेटी स्वतःचे काही घालत नाही, पण मालक ‘माझी पेटी’ एवढे घालतो. मग पाहुण्यांना अभंग ऐकवण्याऐवजी टाळांची किणकिण किती स्वच्छ येते ते ऐकवले जाते. वायर बदलावीशी वाटते, पुढचे मॉडेल खुणावते. याची परीक्षा सोपी आहे. अभंग संपल्यावर तुमच्या मनात काय उरले, त्याचा अर्थ की टाळांची चमक? दर वेळी चमकच उरत असेल, तर कान तयार झाला आणि मन कोरडे राहिले असे समजावे.

दुसरी गोष्ट खुर्चीची. दोन स्पीकर आणि ऐकणारा असा समभुज त्रिकोण साधला की गाणारा दोन्ही स्पीकरांच्या मधोमध, जिथे काहीच नाही तिथे, बसल्यासारखा भासतो. हे स्टिरिओचे खरे नवल. पण हातभर बाजूला सरका, गाणाराही एका बाजूला सरकतो. म्हणजे उत्तम जागा एकच, आणि ती एकाच माणसाची. दिंडीत अशी जागा कुठे आहे? विणेकरी कुठे, मृदंग कुठे, कुणाचा टाळ आपल्या कानाशीच वाजतो. शुद्ध ऐकू यावे म्हणून दिंडीत कुणी चालत नाही.

आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. परंपरा तुकोबांचे चौदा टाळकरी सांगते. एवढ्या मोठ्या संताच्या कीर्तनातही मागे उभे राहून धृपद धरायला माणसे लागत होती. कीर्तनकार चरण म्हणून थांबतो, आणि ती जागा आपण भरायची असते. रेकॉर्डमधले धृपद आपली वाट पाहत नाही. ते आधीच कुणीतरी धरलेले असते, फार सुंदर धरलेले असते. म्हणून तर धोका आहे. घरी इतके गोड ऐकू येते की गल्लीतल्या देवळातला बेसूर हरिपाठ नकोसा होतो, आणि हळूहळू तिथला एक आवाज कमी होतो. तो तुमचा असतो.

मग पेटी विकावी का? नाही. ज्यांचे गुडघे थकले, ज्यांना दिवे घाट चढवत नाही, त्यांना ती काठीसारखी आधार आहे. अशा आजीसाठी ती मधली खुर्ची रिकामी करा. मृदंगाच्या धुमेचा खर्ज भिंतीतून शेजाऱ्याकडे सहज जातो, टाळ इकडेच राहतात. म्हणजे शेजाऱ्याला अभंग नव्हे, नुसते ठोके ऐकू येतात. रात्री दहानंतर त्याची झोप मोडून केलेले श्रवण देवाला कसे रुचेल? तेव्हा बटण डावीकडे न्या. धृपद आले की आवाज आणखी थोडा उतरवा आणि ते आपल्या तोंडाने म्हणा, फाटक्या गळ्याने का होईना. घरातल्यांनाही म्हणू द्या.

ज्येष्ठात पालख्या पुण्यात येतात. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाशी, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाशी उतरते. त्या दोन रात्री पेटीला विश्रांती द्या आणि पेठेत जा. तिथे कुणी चरण म्हणून थांबले असेल, पुढचे तुम्ही धरा.

रामकृष्ण हरी.