खांबावरचे कागद

व्हिडिओ गेम खेळणारा पुढच्या लढाईकडे धावत असतो, वाटेतल्या खांबाकडे तो कशाला पाहील, असं आपल्याला वाटतं. पण तो पाहतो. फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओचा ‘क्लेर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन ३३’ हा खेळ एप्रिल २०२५ मध्ये आला. त्यातल्या एका खांबावर चिकटवलेले कागद खेळणाऱ्यांनी निरखले आणि हे माणसाच्या हातचं काम नव्हे, असं ओळखलं. खरी चित्रं तयार होईपर्यंत जागा भरायला एआयकडून करून घेतलेले ते तुकडे नजरचुकीनं आत राहिले होते. स्टुडिओनं ते काही दिवसांतच बदलले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये हाच खेळ वर्षातला सर्वोत्तम ठरला, एकूण नऊ पुरस्कार मिळाले. पाठोपाठ ‘इंडी गेम अवॉर्ड्स’नी मात्र त्याला दिलेले आपले दोन पुरस्कार काढून घेतले, कारण प्रवेशिका देताना एआय वापरलेला नाही असं सांगण्यात आलं होतं. एवढ्याशा कागदासाठी एवढी शिक्षा? मला निर्णय योग्य वाटतो. शब्द दिला होता आणि तो खरा नव्हता.

त्या ‘एवढ्याशा’वरच मन अडकून राहतं. गेममध्ये जे एवढंसं असतं, पिंपं, दगड, गंजलेली दारं, भिंतीचे पोपडे, ते कुणीतरी बसून केलेलं असतं. बहुतेकदा नुकतंच कामाला लागलेलं एखादं पोर. गंज कडेनं कसा चढतो, लाकूड कुठे आधी झिजतं, हे ते त्या पिंपापाशी शिकतं. यातलं बरंचसं काम वर्षानुवर्षं आपल्याकडे होत आलं आहे. बंगळुरूच्या ध्रुव इंटरॅक्टिव्हसारख्या स्टुडिओंनी परदेशी खेळांची कलाकामं केली, त्यातून आपल्या मुलांचे हात बसले. आणि हात बसले की स्वतःचं सुचतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. पहाडी चित्रशैली आणि बाहुल्यांचा छायाखेळ त्यात ज्या मायेनं उतरला आहे, ती माया एआयकडे मागणी लिहून मिळत नाही.

दोघा-तिघांनी पदरमोड करून उभारलेल्या खेळाला चित्रकार परवडत नसेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. त्यांनी सांगावं मात्र उघडपणे. पण ज्यांच्याकडे पैसा आहे, त्यांनी पिंपं आणि दगड यंत्राकडे सोपवून नवख्यांची पहिली पायरीच काढून घेतली, तर दहा वर्षांनी मोठं चित्र रंगवायला जाणता हात आणणार कुठून? पायरी कमी केल्यानं चढण सोपी होत नाही.

खेळणाऱ्याच्या हातीही थोडं आहे. जानेवारी २०२४ पासून स्टीम या ऑनलाइन दुकानात खेळ विकायला ठेवणाऱ्याला खेळातल्या आशयासाठी केलेला एआयचा वापर जाहीर करावा लागतो. मुलांना नवा खेळ घेऊन देण्याआधी ती नोंद वाचा. आणि खेळ संपल्यावर तो घडवणाऱ्यांच्या नावांची यादी सरकू लागली की बटण दाबून ती घालवू नका. मुलांना शेजारी बसवा आणि नावं शेवटपर्यंत वाचा.